भिंतीवरचा खालचा डाग

भोपाळहून तार आली तेव्हा वहिनी पितळेचे डबे गोणपाटात बांधत होती. दादाला तिकडे एकदाचं सरकारी क्वार्टर मिळणार होतं, मुलांना घेऊन ती निघणार होती. तार मी वाचली... बांधलेले डबे सोडायचं भान तेराव्यापर्यंत कुणाला राहिलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. स्वतः मॅट्रिक होऊन कारकुनीला चिकटला, पण मला बी.ए. केल्याशिवाय सोडलं नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे, त्याला माझ्याहून जास्त होता. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या ओसरीत तो संध्याकाळी भिंतीला डोकं टेकून बसायचा आणि आल्यागेल्याला बजावायचा, "हळू बोल यार, आत ग्रॅज्युएट अभ्यास करतेय." रविवारी क्षिप्रेच्या घाटावर गल्लीतल्या पोरांना पोहायला शिकवायचा. स्वतःची धाकटी तेवढी राहिली होती. पाण्याला भ्यायची.

मग खोकल्यातून रक्त पडायला लागलं. आबाकाका त्याला मुंबईला घेऊन गेले. तिथे ऑपरेशन करून एक फुप्फुस काढलं. परत आल्यावर काकांनी स्टेशनवरच जाहीर केलं, रोग मुळासकट गेला. महाकालाला अभिषेक झाला, पेढे वाटले. डॉक्टर पुढचं काय म्हणाले, असं मी विचारलं तर काका म्हणाले, "बी.ए. झालीस, डॉक्टर नाही झालीस." सगळे हसले. दादाही हसला, बरगडी हातानं धरून.

त्याच सुमारास मध्यभारत राज्य बुडालं आणि नव्या राज्याची भोपाळ राजधानी झाली. दादाचं दफ्तर तिकडे निघालं. तबादला घेऊन भोपाळला जायचं, की उज्जैनच्या कचेरीत खालच्या जागेवर राहायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. दादानं भोपाळ घेतलं. मला म्हणाला, "आता दहा वर्षं तरी वर जात नाही मी. दोनचार वर्षं तिकडे काढली, की मुलांची शिक्षणं निघतील. पोहणं काय, पुढच्या उन्हाळ्यात शिकवीन." काका शेजारीच बसले होते. सुपारी कातरत राहिले.

भोपाळात तिघा कारकुनांत एक खोली. दिवाळीला आला तेव्हा त्याचा आवाज पार घोगरा झाला होता, घाटाच्या पायऱ्या उतरवेनात. तिकडचं पाणी मानवत नाही, म्हणाला. आम्ही आलं-मध दिलं. पाडव्याला तो परत गेला. त्यानंतर तारच आली.

तेरावं झाल्यावर मी काकांना गाठलं. या वेळी त्यांनी सांगितलं. फुप्फुसातली कॅन्सरची गाठ निघाली होती, पण छातीच्या मधल्या भागात, श्वासनळीला लागून ज्या ग्रंथी असतात, त्यांतही रोग उतरला होता. त्या स्वच्छ निघाल्या असत्या तर बरीच वर्षं मिळण्याची आशा होती. आता वर्ष, फार तर थोडं जास्त, असं डॉक्टर म्हणाले होते. दादाला नाही, काकांना. घरातल्या वडीलधाऱ्यालाच सांगायची रीत.

"सांगितलं असतं तर धसक्यानंच गेला असता तो," काका म्हणाले.

लोक म्हणतात, मायेपोटी केलं. असेल. पण ते एक वर्ष, एवढीच तर त्याची पुंजी उरली होती, आणि ती कुठे घालवायची ते ठरवायला त्याला ठाऊक तर हवं होतं! ठाऊक असतं तर तो भोपाळला गेला नसता. खालच्या जागेवर राहिला असता, संध्याकाळी ओसरीत बसला असता. धाकटी निदान कमरेएवढ्या पाण्यात उतरली असती.

परवा काकांनी चुना लावायला माणूस बोलावला. ओसरीच्या भिंतीवर दादाच्या डोक्याच्या तेलाचे दोन डाग आहेत, ते त्यांना बघवत नाहीत. म्हणाले, "तेवढं झाकून टाकू."

मी म्हटलं, "काका, एकदा झाकलंत तेवढं पुरे."

माणूस बादली घेऊन परत गेला. वरचा डाग जुना, चांगला काळाभोर. ऑपरेशननंतर दादा एका अंगावर कलून बसायचा, त्यामुळे दुसरा डाग वीतभर खाली आहे. तो फिकाच राहिला. गडद व्हायला लागणारा वेळ दादाकडे होता... तो वेळ भोपाळात गेला.