कोपरानं पाहिलेलं पाणी
पितळी तपेलीत पाणी तापलं की एक वास येतो, आणि त्या वासानं मला नेवाशाजवळच्या आमच्या गोठ्यातली एक उन्हाळी सकाळ आठवते. गाय माजावर आली होती. तापल्या अंगानं गाभ धरत नाही, म्हणून तिला उन्हाच्या आत भरवायची होती. आणि हमखास कालवडच व्हावी अशी वळूच्या बीजाची खास कांडी वडिलांनी जनावरांच्या डॉक्टरांना आणायला सांगितली होती. गोठवलेली ती कांडी नायट्रोजनच्या टाकीतून काढून बेताच्या ऊन पाण्यात अर्धा मिनिट धरायची, एवढंच काम. पण डॉक्टरांच्या हातून थर्मामीटर निसटला आणि फरशीवर फुटला. "पाणी जादा तापलं तर बीज मरतं, गार राहिलं तरी वाया जातं," ते घाम पुसत म्हणाले. कांडी एकच होती. तेवढ्यात आईनं चुलीवरची तपेली आणली, पाण्यात कोपर बुडवलं, ओंजळभर गार पाणी घातलं, पुन्हा कोपर बुडवलं. "घाला आता. तान्ह्या लेकराला न्हाऊ घालायचं पानी हाय हे." गाईचं दावं धरून वडील पुटपुटले, "देवा, पोरगीच दे रे." आई हसली. "ह्या घरात हे मागनं मी पैल्यांदाच ऐकते." कालवडच झाली. आता आई नाही. सावेडीतल्या फ्लॅटमध्ये गिझरवर आकडे दिसतात, तरी लेकीला न्हाऊ घालताना मी पाण्यात कोपर बुडवतेच; आणि दर वेळी वाटतं, मी पोटात असताना आईनं स्वतः देवाकडं काय मागितलं होतं, ते त्याच सकाळी विचारायला हवं होतं.