अप्पांची छत्री आणि गढीचं तोंड

आमच्या गावात दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदन झालं की सगळी गर्दी गढीकडे वळायची आणि माझे वडील, म्हणजे अप्पा, गढीच्या भिंतीत छत्री खुपसायचे. भिंतीत छातीच्या उंचीवर एका रांगेत अरुंद छिद्रं आहेत. त्यांना जंग्या म्हणतात. बंदूक रोखायची ती जागा. अप्पा टोपी सारखी करायचे, छत्रीचं टोक एका जंगीत घालून मुठीपर्यंत आत ढकलायचे, डावा डोळा मिटायचे आणि "ठो" म्हणायचे. पलीकडे वऱ्हाडातून चालून आलेला गोरा साहेब घोड्यावरून पडायचा. तो दरवर्षी पडायचा. लहानपणी मला त्या साहेबाची दया यायची.

गाव भोकरच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. एके काळी नदीच्या अलीकडे निजामाचा मुलूख होता आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. गढी गाव आणि नदी यांच्या मधोमध आहे. तिच्या चार भिंतींपैकी एकच भिंत, गावाच्या समजुतीप्रमाणे नदीकडची, आणि तिच्या दोन टोकांचे बुरूज उरले आहेत. बाकीच्या तीन भिंती आमच्या डोक्यावर आहेत, अगदी खरोखर. गढीची पांढरी माती गळत नाही म्हणून पिढ्यान्पिढ्या लोकांनी ती वाहून आणली आणि आपापल्या माळवदांवर, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर, पसरली. आमच्या घरावरही निदान चार हात तटबंदी असेल.

अप्पांचं किराणा दुकान आहे. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते सकाळी गल्ल्यावर बसतात आणि गूळ तोलता तोलता गिऱ्हाइकाला इतिहास सांगतात. त्यांची कथा सरळ होती. गढी गावानं बांधली, गावाच्या रक्षणासाठी. इंग्रजांची पलटण नदी उतरून आली, आपली माणसं या भिंतीआड उभी राहिली, जंग्यांतून बंदुका चालल्या आणि साहेब पडला. पुरावा म्हणून गल्ल्यात एक पितळी बटण होतं, मुकुटाचा छाप असलेलं. गढीमागच्या झाडोऱ्यात ते अप्पांना लहानपणी सापडलं होतं. मेलेल्या साहेबाच्या कोटाचं बटण म्हणून ते गिऱ्हाइकाला दाखवलं जायचं, आणि तेवढ्या वेळात मुगाची डाळ मागणारा माणूस ताटकळत उभा राहायचा.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. छत्री आत गेली की सैल पडून लोंबकळायची, कारण छिद्र आत रुंद होत जायचं. एकदा कुणीतरी हे विचारलंच. अप्पा म्हणाले, बंदुकीचा धक्का मुरायला जागा ठेवली आहे. अप्पांकडे उत्तर नाही असा प्रश्न आमच्या गावात अजून कुणी विचारलेला नाही.

त्या "ठो"मुळेच मी इतिहास शिकले, नांदेडला कॉलेजात शिकवायला लागले आणि निजामाच्या सरहद्दीवरची जुनी ठाणी, गढ्या मोजत हिंडायला लागले. माझं सासर लातूरचं. तिथे डाळीच्या भावाखेरीज दुसऱ्या कशावर कुणी दहा मिनिटं बोलत नाही, त्यामुळे माझ्या गढ्यांची घरात यथेच्छ थट्टा होते. मी चिडते, आणि मी चिडते म्हणून ती आणखी होते.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीनं गढीपुढे काळ्या दगडाचा फलक बसवायचं ठरवलं. मजकूर अर्थातच अप्पांचा. सरपंचबाईंनी एकच अट घातली, की तो आधी मी तपासावा, कारण मी "त्या खात्यातली" आहे. मी कुठल्याच खात्यातली नाही, पण गावात हे कोण ऐकणार? अप्पांना तर ती अट म्हणजे औपचारिकता वाटली. त्यांनी आयुष्यात पद मागितलं नाही, सत्कार मागितला नाही, पण हा फलक त्यांना हवा होता. आपण गेल्यावर भिंतीत छत्री कोण खुपसणार, असं ते एकदा आईला म्हणाले होते. दगडावर कोरलेलं असलं म्हणजे काळजी नाही.

मी वैशाखात आले. सोबत नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर होते, तीन पायांवर उभं राहणारं मोजणीचं यंत्र घेऊन. खणायचं नव्हतं, नुसतं मोजायचं होतं. भिंतीच्या नदीकडच्या बाजूला घाणेरी आणि बोरी इतक्या माजल्या होत्या, की तिकडे कित्येक वर्षांत कुणी फिरकलंच नव्हतं. ते सगळं दोन गड्यांकडून तोडून घेतलं आणि मी पलीकडे गेले.

पलीकडे प्रत्येक जंगीमागे एक कोनाडा होता. ऐसपैस, माणूस बसेल एवढा. मी एकात बसले. गुडघे बरोबर मावले, खांदा भिंतीला टेकला आणि डोळा आपोआप छिद्राला लागला. समोर आमचं दुकान होतं. अप्पा कुणाला तरी साखर तोलून देत होते. वर माळवदावर आई कुरडया उलटत होती. सरांनी शेजारच्या कोनाड्यातून पाहिलं आणि कौतुकानं म्हणाले, "मॅडम, टप्प्यात आहे सगळं."

मला हसू आलं, आणि मग त्या बोलण्याचा अर्थ लागला. बंदूकवाला नेहमी रुंद बाजूला बसतो. अरुंद बाजू शत्रूची. म्हणजे आम्ही ज्याला गढीची बाहेरची बाजू समजत होतो, तीच आतली होती. नदीच्या अंगाला मोठ्या दरवाजाच्या उंबरठ्याचे दगड सापडले, बैलगाडी सहज जाईल एवढे. वऱ्हाडाकडे दार उघडं, आणि दोन्ही बुरूज गावाकडे तोंड करून. आत केरकचऱ्याच्या ढिगाऱ्यात हिरव्या बाटल्यांची बुडं मिळाली आणि मुकुटाची आणखी तीन-चार बटणं. इथे कुणी साहेब मेला नव्हता. इथे साहेब राहत होता, पीत होता आणि बटणं हरवत होता. निजामाच्या पगारावर आणि गोऱ्या अंमलदाराच्या हुकमावर चालणारी पलटण तेव्हा या मुलखात होती. तिचंच हे ठाणं असणार. अप्पा इतकी वर्षं साहेबाच्या बंदुकीच्या तोंडापुढे उभे राहून उलट्या बाजूनं "ठो" करत होते.

मला गढीचा राग आला. जिथे तिथे मोजायला जाण्याच्या माझ्या खोडीचाही आला. मी आईला आधी सांगितलं. तिनं कुरडयांवरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, "जेवू दे त्यांना. मग सांग. पण सांग."

जेवण झाल्यावर माझा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांना नुसतं गढीमागे घेऊन गेले आणि कोनाड्यात बसवलं. छत्री त्यांच्या मांडीवर होती. ते बराच वेळ छिद्राला डोळा लावून बसले.

"दुकान दिसून राहिलं," ते म्हणाले.

"हाव, अप्पा."

"गल्ल्यावर बराबर नेम बसतो, माय."

ते छत्री घेऊन उठले. दुकानात गेल्यावर गल्ल्यातलं बटण काढून माझ्या हातावर ठेवलं, तुझ्या पिशवीत टाक म्हणाले आणि सरपंचबाईंकडे निरोप पाठवला की फलकाचं काम थांबवा. मी परत नांदेडला आले. त्यानंतर मी फोन केला की ते तो आईकडे द्यायचे. आई सांगायची, गिऱ्हाइकांशी हल्ली फक्त डाळीबद्दल बोलतात, अगदी तुझ्या लातूरकरांसारखे. मला रडू यायचं. बापाचं दैवत मी मोजपट्टीनं पाडलं असं वाटायचं, आणि खोटं सांगायला हवं होतं असंही वाटत नव्हतं, याचं जास्त वाईट वाटायचं.

मग श्रावणात एक दिवस फोन त्यांनीच घेतला. भिंत किती जाड आहे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, कोनाडे सोडले तर तुम्ही आडवे झोपाल एवढी. "एवढी?" ते म्हणाले आणि फोन आईला दिला.

सतरा सप्टेंबरला मी पहाटेच्या गाडीनं आले. झेंडावंदन झालं. लोक सवयीनं गढीपुढे जमले, आणि अप्पा सगळ्यांना भिंतीला वळसा घालून मागे घेऊन गेले. गुडघे दुखतात म्हणून आई पुढच्या बाजूलाच भिंतीलगतच्या ओट्यावर बसली, हातात नारळाची पिशवी घेऊन. अप्पांनी सरपंचबाईंना एका कोनाड्यात बसवलं आणि काय दिसतं ते विचारलं. त्या म्हणाल्या, गाव दिसतं.

"बघा," अप्पा म्हणाले. "भिंत त्यांची, बंदुका त्यांच्या, आन् तोंड कुणीकडं? आपल्याकडं. तेव्हा आपल्या गावात व्हतं काय? चार नांगर आन् एक दुकान. त्यायच्यापायी एवढी जाड भिंत बांधून मागं बसले. मंग मला सांगा, भेत कोण व्हतं?"

लोकांनी कोनाड्यांतून वाकून पाहिलं. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ते."

"मी दरसाली दुसरं काय सांगून राहिलो?" अप्पा म्हणाले.

मी तोंड उघडलं. दरसाली ते नेमकं उलटं सांगत होते, याला सगळा गाव साक्षीदार होता. पण गावानं मान डोलावली, सरपंचबाईंनी फलकाचा मजकूर नव्यानं लिहून द्या म्हणून सांगितलं, आणि मी तोंड मिटलं. भीतीला पुरावा काय, असं मी दुसऱ्या कुणालाही विचारलं असतं. अप्पांना नाही विचारलं. शिवाय ती भिंत माझ्यासमोर होतीच. अप्पांच्या चेहऱ्यावर वैशाखापासून न दिसलेलं तेज होतं आणि मला इतका आनंद झाला होता, की मी कशावरही सही केली असती.

मग त्यांनी छत्री उचलली. यंदा बरोबर बाजूनं. कोनाड्यात वाकून त्यांनी हात लांब केला आणि टोक छिद्रातून पार बाहेर काढलं. "ठो" म्हणाले नाहीत. काढून घ्यायला म्हणून मागे ओढलं, तर छत्री येईना. दोनदा ओढली, तरी येईना. काय अडकलं ते बघायला मी वळसा घालून पुढे गेले.

आई ओट्यावर निवांत बसली होती. तिच्या डोक्याशी भिंतीतून छत्रीचं टोक बाहेर आलं होतं आणि त्यावर तिनं नारळाची पिशवी अडकवली होती.

"आई, अप्पा ओढून राहिलेत," मी म्हटलं.

"ओढू दे," ती म्हणाली. "खुंटी चांगली हाय."