गाडीवानाचं इंग्रजी

निजामाच्या काळात मी हिंगोलीला इंग्रजी शिकवायचो. एकदा जवळच्या गोरेगावहून बैलगाडीनं परतताना निरक्षर गाडीवान म्हणाला, "मास्तर, पोरगी हिंगोलीत मावशीकडं शिकून राहिली. उद्या परीक्षा, अन् 'व्हेन'च्या वाक्यात अडकली. मला शिकवा."

"तुम्हाला काहून? तिलाच सांगतो की!"

"न्हाई. बापानं सांगितलेलं ती इसरत न्हाई."

मी सांगितलं, "गोष्ट उद्याची असली तरी 'व्हेन'पाशी 'विल' नको. व्हेन फादर कम्स, आय विल ईट."

मग 'कम्स'वर चाबूक हवेत फिरवत त्यानं ते वाटभर बैलांना ऐकवलं. मावशीच्या दारात गाडीवर उभं राहून पोरीला खणखणीत म्हणून दाखवलं.

"बराबर, बाबा!" पोरगी ओरडली.

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच त्याचा विद्यार्थी. वर्गात ते वाक्य सांगताना माझाही हात पुढं कैक वर्षं हवेत फिरायचा.