नीलकंठरावांना उरलेला शब्द

नीलकंठरावांच्या मुलाचा, मोहनचा फोन आला तेव्हा मी दुपारचा चहा टाकत होते. "मावशी, अप्पा गेले," तो म्हणाला. मग म्हणाला, "सकाळी बरे होते हो. लक्ष्मीनं विचारलं, तर राईट म्हणाले..." लक्ष्मी म्हणजे दिवसभर त्यांच्याजवळ थांबणारी बाई. सकाळी ते छातीशी हात धरून बसले होते. तिनं तमिळमध्ये विचारलं, "वलिक्कुदा, अय्या?" दुखतंय का? ते म्हणाले, "राईट." "सरी, सरी," बरं बरं म्हणत ती कपडे वाळत घालायला गेली. तिला तरी कसा दोष द्यायचा? राईट म्हणजे ठीक, असंच कुणालाही वाटणार. 'हो, दुखतंय' हाही त्याचा अर्थ असू शकतो, हे जाणणारं माणूस त्या घरात आता उरलं नव्हतं.

नीलकंठराव माझे शाळेतले सहकारी. लग्नानंतर मी साताऱ्याहून चेन्नईला आले आणि पश्चिम मांबलममधल्या एका शाळेत हिंदी शिकवू लागले. ते इंग्रजी शिकवत. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी मराठीत म्हणालं, "बसा की, जोशीबाई. कापी घेणार?" आणि परक्या गावात माझे डोळे भरून आले. ते नीलकंठराव. तंजावरकडचं घराणं, मराठी जुन्या वळणाची, तिला तमिळ हेल. मला काही शब्द कळायचे नाहीत, माझे काही त्यांना कळायचे नाहीत, आणि त्यावरून आमचे वाद रंगायचे. बोलण्याचा सोस असलेला माणूस. आईशी मराठी, गल्लीत तमिळ, वर्गात इंग्रजी. मुद्दा समजावून झाला की खडूचे हात झटकत विचारायचे, "राईट?" आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "राईट, सर!"

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीन भाषांमधून हा एकच शब्द जिभेवर राहिला. त्यांना सगळं समजत होतं, पण बोलायला गेले की तोच बाहेर पडायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, फार सवयीचा शब्द तेवढा टिकतो. व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली, "सर, राईट हँड वर!" ते म्हणाले, "राईट," आणि डावा हात वर केला. ती हसली, तेही हसले, आणि हसता हसता रडायला लागले...

त्यांची बायको सरोजा. शिक्षण बेताचं, इंग्रजीचा गंध नाही. पण तो शब्द तिनं जसा ऐकला तसा कुणीच ऐकला नाही. मी गेले की ते दारातून आवाज द्यायचे, "राईट?" ती आतूनच सांगायची, "कोण आलंय म्हणून विचारतायत." लागोपाठ दोनदा म्हटलं की कापी हवी. लांबवून, घशातून काढला की नको. पंखा लावा, टीव्ही बंद करा, आज तू जेवली नाहीस, सगळं ती त्यातून ओळखायची आणि त्यांच्याशी भांडायचीसुद्धा. "उगा राईट राईट करू नका, मला ठावं आहे!" त्या दोन खोल्यांत मला वाटायचं, हे असंच चाललं तरी चालेल. पण सरोजा कावीळ होऊन गेली. महिनाभरसुद्धा अंथरुणावर नव्हती. तिला नेलं तेव्हा नीलकंठराव खुर्चीत बसून तो शब्द म्हणत राहिले, पुन्हा पुन्हा, आणि आम्ही कुणीच तो उलगडू शकलो नाही.

मोहन शहराबाहेर, सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तिकडेच आठव्या मजल्यावर त्यानं घर घेतलं होतं. वडिलांसाठी रोज मांबलमपर्यंत येऊन जाऊन तो पार थकला होता. एका रविवारी त्यानं मलाही बोलावलं. गुडघ्यांवर बसून, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "अप्पा, हे घर विकूया. तुम्ही आमच्याकडं या. राईट?"

"राईट," ते म्हणाले. लांबवून, घशातून.

"मोहन, नको म्हणतायत ते," मी म्हणाले. "हे घर त्यांनी बांधलंय. त्यांचा हक्क आहे." इंग्रजीत हक्कालाही तोच शब्द...

"मावशी, आई असती तर गोष्ट वेगळी. तुम्हीही अंदाजच करताय ना?" तो उठून उभा राहिला. "आणि नको असलं तरी मी काय करू? इथं रात्री त्यांच्यापाशी कोण राहणार?"

नीलकंठरावांनी माझ्याकडं पाहिलं आणि एकदा म्हणाले, "राईट." अगदी हळू. तो कशासाठी होता, ते मला आजही कळलेलं नाही.

ते मोहनकडं राहायला गेले, तिथंही मी जमेल तेव्हा जायचे. मांबलममध्ये इस्त्रीवाला, दूधवाला, देवळातले गुरुजी, सगळे त्यांच्याशी थांबून बोलायचे, चुकीचं का होईना उत्तर द्यायचे. इथं लिफ्टमधली माणसं नुसती हसून मान हलवायची. हळूहळू त्यांनी सूर बदलणंच सोडून दिलं. विचारलं की सपाट आवाजात राईट, न विचारलं की काहीच नाही. सुनेनं मला कौतुकानं सांगितलं, "आता किती शांत झालेत!"

अंत्यसंस्कारानंतर मोहननं मला बाजूला घेतलं. "मावशी, घराचं विचारलं त्या रविवारी तुम्ही होतात. ते राईट म्हणाले होते ना?" त्याचे डोळे सुजले होते.

"म्हणाले होते," मी सांगितलं. खोटं नव्हतं ते. आणि त्याचा काही उपयोगही नव्हता.

महिन्याभरानं मी पुन्हा गेले. मोहनची धाकटी मुलगी नुकती बोलायला शिकतेय. आजोबांच्या मांडीवर बसून बसून तिनंही तोच शब्द उचलला होता. दूध हवं तरी राईट, कडेवर घ्या तरी राईट. आईबाप धास्तावले होते, पोर बोलायचीच नाही म्हणून. आता रोज तिला एकेक वस्तू दाखवून शिकवतात. मी बसले असताना तिनं टेबलावरच्या पेल्याकडं बोट दाखवलं, ओठ जुळवले, थांबली... आणि स्पष्ट म्हणाली, "वॉटर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.