जावईबापू पडले

कुठल्याही घरात शिरलं की थांबाभाऊंच्या तोंडचा पहिला शब्द ‘थांबा’. बटण दाबायला निघालेल्या माणसाला थांबा, बोर्डाला हात लावणाऱ्याला थांबा, चहा टाकायला उठलेल्या बाईलाही थांबा. उभा जन्म वायरमनचं काम करण्यात गेला आणि हा शब्द नावालाच चिकटला. शिडी लावण्यापेक्षा ती कुठं लावायची हे बघण्यात त्यांचा जास्त वेळ जाई, पण एकदा लावली की ते ती हलवत नसत. वर चढल्यावर ‘अरे, पक्कड खालीच राहिली’ असं म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी वायरमन नव्हता, व्यायाम करणारा होता.

अशा माणसाला काका-काकूंच्या ट्रिपरनं घाम फोडला.

काकांचा एक पाय कारखान्यातल्या यंत्रानं नेलेला. ते कुबडीवर चालत. काकू चाकांच्या खुर्चीत. दोघांत मिळून चालता पाय एक आणि चालती तोंडं दोन, असं काकाच सांगत. घराची सगळी वायरिंग थांबाभाऊंच्या हातची. प्रत्येक बटण काकूंच्या कोपराच्या उंचीला. फक्त मेन बोर्ड दाराच्या वर होता तसाच राहिला. ‘तिथं कशाला कोण रोज हात लावतंय,’ असं तेव्हा तिघांचंही मत पडलं होतं.

त्या बोर्डात हा ट्रिपर. घरात कुठं वीज गळायला लागली की हा खटका आपणहून खाली पडतो, सगळं बंद करतो आणि माणसाला वाचवतो. हल्ली मात्र तो उगाचच पडत होता. जरा मनाविरुद्ध झालं की रुसून बसायचं आणि सगळ्यांनी हातची कामं टाकून मनधरणी करायची, म्हणून काकूंनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. मनधरणी करायचे काका. एका पायावर उभं राहून, भिंतीला खांदा लावून, कुबडीच्या टोकानं खटका वर ढकलायचे.

त्या नावानं घोटाळा केला. मुलीचा फोन आला तेव्हा काकू सांगत सुटल्या, “अगं, जावईबापू आज परत पडले. रोज दुपारी पडतात. तुझे बाबा कुबडीनं ढोसतात तेव्हा कुठं उठतात.”

पलीकडे फोन स्पीकरवर होता आणि खरे जावईबापू शेजारी जेवत होते.

उलगडा झाला, पण झाल्यावर जास्तच बिघडलं. नवरा सुखरूप आहे हे कळल्यावर मुलीच्या डोक्यात एवढंच उरलं, की बाबा एका पायावर तोल सांभाळत भिंतीवर कुबडी चालवतात.

“रविवारी आम्ही येतोय,” ती म्हणाली. “तोवर हे थांबलं नसेल तर दोघांनी आमच्याकडे चलायचं. कायमचं.”

मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

“एकदा वर चढवलं की मी कपाटच,” काकू थांबाभाऊंना म्हणाल्या. “कपाटाला कुणी उन्हात बसवायला खाली आणतं का?”

काका हसले नाहीत. म्हणून थांबाभाऊही हसले नाहीत.

त्यांनी एकेक वायर सोडवून गळती मोजली. गिझर, फ्रिज, मिक्सर, पंखे सगळे तपासले. सगळं ठणठणीत. ट्रिपरच म्हातारा झाला असेल म्हणून नवा बसवला. नवे जावईबापू दुसऱ्याच दुपारी पडले.

“खानदानच तसलं,” काका म्हणाले. “काढूनच टाका की हो त्याला. सरळ वायर जोडा.”

“थांबा. तो काढला आणि उद्या काकूंना शॉक बसला, तर कुबडीनं कुणाला उठवणार?”



ट्रिपर सकाळी पडत नव्हता, रात्री पडत नव्हता, मुलगी आली असेल त्या दिवशी तर मुळीच नाही. पडायचा तो दुपारी, घर झोपलेलं असताना. झोपलेल्या घरात वीज गळते कशी हे थांबाभाऊंना कळेना. शुक्रवारी ते जेवून आले आणि म्हणाले, “आज मीही इथंच झोपतो.”

काकू आतल्या खोलीत गेल्या. काका बाहेर आरामखुर्चीत आडवे झाले. थांबाभाऊ कोचावर पडले आणि घोरू लागले. खोटं घोरणं सोपं काम नाही. लय सांभाळावी लागते, घसा सुकतो. थोड्या वेळानं काका घोरू लागले, मग आतून काकू. तिघांची जुगलबंदी चांगली रंगली. आणि मग काकांचं घोरणं उठलं आणि स्वयंपाकघराकडे चालू लागलं.

ते थांबलं नाही, नुसतं लांब गेलं. कुबडीचा आवाजही नाही. थांबाभाऊंनी एक डोळा उघडला. कुबडीच्या तळाला मोजा चढवलेला होता. काकांच्या प्रत्येक जोडीतला एक मोजा उरायचा, तो जातो कुठं हे त्यांना आज कळलं.

आतल्या खोलीत एक बटण वाजलं. स्वयंपाकघरात दुसरं. दाराच्या वर खट्.

तिन्ही घोरणी एकदम बंद पडली.

“पडले वाटतं,” स्वयंपाकघरातून काका झोपाळू आवाजात म्हणाले.

“मला काही माहीत नाही बाई, मी गाढ झोपले होते,” आतून काकू म्हणाल्या.

“थांबा,” थांबाभाऊ म्हणाले. “कुणी जागचं हलायचं नाही.”

स्वयंपाकघरात काकांच्या हातात स्टीलचा मग होता आणि मगात पाणी तापवायची जुनी कॉइल. दुपारचा चहा डॉक्टरांनी बंद केला होता. गॅस पेटवावा तर लायटरचा आवाज काकूंच्या कानावर जाणार. आतल्या खोलीत काकूंच्या गुडघ्यांवर, चादरीखाली, विजेवर शेकायचं पॅड होतं. कापड फाटलेलं, वायरीला गाठी. मुलीनं ते स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलं होतं. कचऱ्यातून ते परत कसं आलं, यावर काकूंनी तोंड उघडलं नाही.

थांबाभाऊंनी दोन्ही वस्तू टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“ही थोडी गळते. हे थोडं गळतं. एकेकटं असलं की ट्रिपर पोटात घालतो. दोघं एकदम आलात की त्याला सोसत नाही.”

“म्हणजे दोघांनी मिळून केलं,” काका म्हणाले. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.”

“चहा हवा होता तर मला विचारायचं होतं,” काकू म्हणाल्या.

“तू नाही म्हणाली असतीस.”

“नाही म्हणाले असते आणि दिला असता.”

थांबाभाऊंनी पक्कड काढली आणि दोन्हींच्या वायरी तोडल्या. इथं काम संपलं होतं. पण ते पिशवी न भरता दाराच्या वर बघत उभे राहिले. ट्रिपर आज ना उद्या पुन्हा पडणारच. पडणं हेच त्याचं काम. मग पुन्हा कुबडी आणि पुन्हा एक पाय.

शनिवारी सकाळी ते छिन्नी-हातोडा घेऊन आले. भिंत फोडली, वायरींचा पाइप खाली आणला, बोर्ड काकूंच्या कोपराच्या उंचीला बसवला, भिंत बुजवून वरून थापी फिरवली. शिडी एकदाच लावली.

रविवारी मुलगी आली. मागून जावई, हातात रिकामी मोठी बॅग. सामान भरायला आणलेली. जावई थेट बोर्डापाशी गेले.

“हेच का ते मी?”

काकूंनी खुर्ची पुढं घेतली आणि ट्रिपर तपासायचं छोटं बटण दाबलं. खट्. पंखा थांबला. मुलगी काही बोलणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, “थांबा.” आणि बसल्या जागेवरून एका बोटानं खटका वर केला. पंखा फिरू लागला.

“मला इतक्या हलक्या हातानं कुणी कधी उठवलं नाही,” जावई म्हणाले.

मुलीनं बोर्डाकडे पाहिलं. मग कुबडीकडे. तिच्या तळाला अजून मोजा होता. कोपऱ्यात चहाच्या मगात तोडलेली कॉइल होती. शेजारी तोडलेलं पॅड पडलं होतं, तेही तिनं ओळखलं. 

“नवीन पॅड मी आणून देते,” ती म्हणाली. “चांगल्यातलं. आणि बाबा, चहा उघड उघड प्या. अर्धा कप.”

संध्याकाळी ते निघाले. रिकामी बॅग रिकामीच जावयांनी खांद्यावर टाकली आणि उंबऱ्यापाशी वळताना ती दारात अडकली.

“सांभाळून, जावईबापू,” काका मागून म्हणाले. “पडाल.”