घाटदेवापुढचं गाऱ्हाणं

काल पुतण्याच्या गॅरेजात इंजिनच्या नव्या गॅस्केटचा वास आला आणि मी ऐंशीच्या दशकातल्या फोंडाघाटाच्या पायथ्याशी जाऊन पोचलो.

मी आणि माझा मित्र वासू, दोघांच्याही जुन्या टॅक्सी. भरल्या गाडीला घाट चढताना धाप लागायची. इंजिनची ताकद वाढवायची कशी, यावर आमचा रोज वाद. माझं मत, इंजिनचं हेड घासून घ्यावं, म्हणजे आतला दाब वाढून जोर येतो. वासू म्हणाला, "हेड घासू नको रे, घाटात इंजिन तापतला. कार्ब्युरेटर मोठो घाल." मी त्याचं ऐकलं. आपणही तेच करतोय, असं तो म्हणाला.

पहिल्या फेरीआधी घाटदेवाला नारळ ठेवून वासूनंच गाऱ्हाणं घातलं, देवाकडे मागणं मागितलं, "दोनय गाड्यांक सारखाच बळ दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" रीतीप्रमाणे मी मोठ्यानं साथ दिली.

अर्ध्या घाटात मोठ्या कार्ब्युरेटरमुळे माझी गाडी नुसतं पेट्रोल पीत खोकत होती. वासू हॉर्न वाजवत पुढे गेला. त्याच्या इंजिनचा तो कडक, नवा आवाज ऐकला आणि कळलं, यानं हेड घासून घेतलंय, नारळ ठेवायच्या आधीच.

दुसऱ्या दिवसापासून माझी नेहमीची गिऱ्हाईकं त्याच्या गाडीत बसू लागली. तेव्हा राग गिऱ्हाईकं गेल्याचा होता. आता गिऱ्हाईकांचं काही वाटत नाही. पण देवासमोर तो खोटं मागत होता, आणि त्याला होकार माझ्या तोंडून गेला.