शकूआत्याच्या स्कूटरची मोटार

शकूआत्याची स्कूटर मी माझ्या हातानं दुरुस्त केली, आणि त्यानंतर ती बाई आयुष्यात पुन्हा स्कूटरवर बसली नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. जुन्नरच्या शाळेतून रिटायर झालेली, आमच्याच मळ्यातल्या घरात राहणारी. उभ्या जन्मात सायकलला हात लावला नव्हता. पण दोन हजार आठच्या सुमाराला बॅटरीवरच्या स्कूटरी आल्या, आणि "हिला लायसन लागत न्हाई" एवढं ऐकून तिनं एक आणलीच! पंधरा दिवस पडत-धडपडत शिकली. मग काय, सकाळी बाजार, दुपारी मैत्रिणी, मनात आलं की ओझरचा गणपती. रस्त्यात कुणी "बाई, सोडू का?" विचारलं, तर त्यालाच मागं बसवायची!

वर्षभरानं स्कूटर चालता चालता बंद पडायला लागली. मध्येच हिसका द्यायची, मध्येच गप्प.

"आळेफाट्याच्या मेकॅनिककडं नेऊ," आत्या म्हणाली.

"मी असताना?" मी म्हणालो. मी आयटीआयला वायरमनच्या कोर्सला प्रवेश घेतला होता. (पूर्ण केला, असं मी कुठंही म्हटलेलं नाही.)

या स्कूटरची मोटार मागच्या चाकातच बसवलेली असते. मी चाकाला कान लावला, डोळे मिटले आणि डॉक्टरसारखा म्हणालो, "मोटार गेली."

"नक्की?"

"लई खात्रीनं सांगतो आत्या!"

पुण्याहून नवी मोटार, म्हणजे अख्खं चाकच आणलं. जुनं काढलं, नवं बसवलं. आता उरल्या वायरी. तीन जाड, पाच बारीक. रंगाला रंग जोडला, तर चाक नुसतं थरथरलं. मग मी अदलाबदल सुरू केली. पिवळी निळीला, निळी हिरवीला... सातव्या-आठव्या खेपेला, स्टँडवर लावलेलं चाक असं गरगर फिरलं म्हणता! आनंदानं मी ओरडलोच. चाक फिरतंय, एवढं मी पाहिलं. कुठल्या बाजूला फिरतंय, ते नाही.

आत्यानं धुतलेली साडी नेसली, पदर खोचला, स्कूटरला हळद-कुंकू लावलं. अंगणात स्कूटरच्या मागच्या बाजूला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टोमॅटोचे क्रेट रचून ठेवले होते. टेम्पो यायचा होता.

"जाऊ का रे?"

"बिनधास्त!"

आत्यानं समोर बघत मूठ पिळली आणि स्कूटर सुसाट मागं निघाली!

"आरं, ही उलटी चाललीय!"

"ब्रेक! आत्या, ब्रेक!"

घाबरून तिनं मूठ आणखी पिळली. धाडकन आवाज झाला. क्रेट कोसळले आणि त्या लाल चिखलात आत्या आडवी! अण्णा गोठ्यातून धावत आले. "रगात! आक्का गेली!"

"न्हाई गेली," टोमॅटोतून आवाज आला. "हात गेलाय."

मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. वेणी घालायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागायचा.

शेवटी स्कूटर आणि काढून ठेवलेलं जुनं चाक आळेफाट्याला नेलं. मेकॅनिकनं वायरी बघितल्या, माझ्याकडं बघितलं, वायरी सरळ जोडल्या. जुनं चाक हातात घेऊन तपासलं.

"भाऊ, ही मोटार कुनी काढली?"

"का?"

"एकदम चांगली हाय. ब्रेक दाबला की मोटार बंद करायला एक बटन आसतं. ते धुळीनं आडकत व्हतं, म्हून गाडी मधीच बंद पडायची." त्यानं ब्रेकच्या दांडीत फुंकर मारली, तेलाचा एक थेंब सोडला. "झालं."

एक फुंकर! मी घरी येऊन आत्याला खरं ते सांगितलं.

हात बरा झाला. पण स्कूटरची धास्ती काही गेली नाही. दोनदा तिनं प्रयत्न केला, दोनदा किल्ली परत खुंटीला अडकवली. मग स्कूटर विकली. पिशवी घेऊन एसटीची वाट बघत उभी असलेली आत्या दिसली, की मी मोटरसायकल दुसऱ्या रस्त्यानं काढायचो.

एकदा न राहवून तिच्याजवळ बसलो. "आत्या, माझं चुकलं गं. तुझं सगळं हिंडणं-फिरणं मी बंद पाडलं."

आत्यानं माझ्या पाठीवरून तोच मोडलेला हात फिरवला.

"जाऊ दे रं. मोटार चांगली व्हती, मीबी चांगली व्हते. मधी तू आलास, येवढंच."